सेमीफायनल आहे, मग सगळ्यांना खेळवायचं का?

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी रात्री साडेआठला आमच्या जबलपूरच्या घरात टीव्ही बंद होता, ताटं वाढलेली तशीच होती आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी मोबाइलला तूरडाळीच्या डब्याचा टेकू देऊन त्याच्यासमोर बसलो होतो. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. लेक मैदानाच्या कडेला उभी राहून व्हिडिओ कॉल करत होती आणि अकरा वर्षांची नात निळी जर्सी घालून गवतावर उड्या मारत अंग गरम करत होती. तिच्या फ्लॅग फुटबॉल लीगची सेमीफायनल होती.

तुमच्या घरातलं कुणी परदेशात असेल तर असा कॉल तुम्हाला नवा नाही. फोन धरणाऱ्या माणसाला उत्साह आला की आपल्याला नुसतं आकाश, गवत आणि कुणाचे तरी बूट दिसतात. ऐन क्षणी चित्र गोठतं. तरी आपण बघतो. मी तर त्या मोसमातला एकही सामना चुकवला नव्हता, आणि सुरुवातीच्या तीन सामन्यांत मला काय चाललंय ते काडीचंही कळलं नव्हतं.

म्हणून आधी खेळ सांगते. तुमचं नातवंड, भाचा किंवा शेजारची मुलगी उद्या हा खेळ खेळायला लागली, तर तुमचे तीन सामने तरी वाया जाऊ नयेत.

अमेरिकन फुटबॉल तुम्ही सिनेमात पाहिला असेल. हेल्मेट, खांद्यांवर गाद्या, एकमेकांवर आदळणारे धिप्पाड पुरुष. फ्लॅग फुटबॉल त्याचंच धाकटं भावंड, पण यात आदळणं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी तळांवर सैनिक हा खेळ खेळायला लागले, असं सांगतात. लढायला जायच्या आधीच हातपाय मोडून बसू नयेत, हा साधा हिशेब. प्रत्येक खेळाडूच्या कमरेला एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या फिती. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरायचं नाही, पाडायचं नाही, ढकलायचं नाही. त्याची फीत खेचून काढायची. फीत निघाली की तिथेच खेळ थांबतो आणि पुढचा डाव तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे शाळेत पीटीच्या तासाला मागे रुमाल खोचून ‘शेपटी ओढ’ खेळायचो, आठवतंय? त्यातच पपईसारखा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू आणला आणि नियमांचं एक पुस्तक आणलं, की झालं फ्लॅग फुटबॉल. हाताने फीत झाकायची नाही. झाकली तर दंड. चड्डीला खिसेसुद्धा चालत नाहीत, कारण फीत ओढणाऱ्याचं बोट खिशात अडकून मोडू शकतं. जर्सी आत खोचलेली हवी. तोंडात दातांचं रक्षण करणारं रबरी कवच हवं. आमची नात ते कवच घालून बोलते तेव्हा तिचं मराठी अगदीच बोबडं होतं.

एका बाजूला पाच जण. आपल्या शेवटच्या रेषेपासून पाच यार्डांवर चेंडू मिळतो. एक यार्ड म्हणजे तीन फूट. तिथून चार डावांत मधली रेषा ओलांडायची. ओलांडली तर आणखी चार डाव मिळतात, आणि त्यांत पलीकडची शेवटची रेषा पार करायची. ती पार केली की टचडाउन, सहा गुण. चार डावांत जमलं नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे. टचडाउन झालं की एक जादा संधी मिळते आणि तिथे कर्णधाराची परीक्षा असते: पाच यार्डांवरून प्रयत्न केला तर एक गुण, दहा यार्डांवरून केला तर दोन. कुठून करायचा हे आधी सांगावं लागतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक नियम मला फार आवडतो. मुलांच्या लीगमध्ये चेंडू फेकणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, सहसा स्वतःच चेंडू घेऊन पळता येत नाही. सात सेकंदांच्या आत त्याला तो कुणाकडे तरी फेकावा किंवा द्यावाच लागतो. शिवाय मधल्या आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडचे पाच यार्ड ‘पळायला बंदी’चे. तिथून डाव सुरू झाला तर चेंडू फेकूनच पुढे न्यायचा. आणि झेल कुणीही घेऊ शकतं, पायांमधून चेंडू मागे देणारा सेंटरसुद्धा. म्हणजे संघात एक हरणासारखा पळणारा मुलगा आहे, त्याच्या हातात चेंडू दिला आणि बाकीच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या, असं इथे चालत नाही. नियमच असे बांधलेत की बाकीच्यांची गरज पडावी.

चिठ्ठी आणि व्हॉट्सॲप

नातीची लीग एडिसनजवळच्या एका गावातली. तिथे मराठी, गुजराती, तेलुगू घरं पुष्कळ. लीग हौशी आहे. निवड चाचणी नाही, जो नाव नोंदवेल तो खेळतो. शिकवणारे सगळे आईबाप, कुणी पगारी नाही. आमचे जावई एरवी बँकेतल्या संगणकांची कामं बघतात. आपल्या मुलीच्या संघाला कोच मिळत नव्हता म्हणून ते उभे राहिले, आणि पहिले दोन आठवडे रात्री जागून यूट्यूबवर खेळ शिकले.

संघात दहा मुलं, मुलगे आणि मुली मिळून. मैदानात पाच. प्रत्येकाला निदान अर्धा वेळ खेळवायचं, हा लीगचा नियम. जावयांनी त्यासाठी एक सोपी युक्ती केली. दहाचे दोन गट पाडले, दोन्हींत चपळ आणि मंद अशी मिसळ केली आणि चेंडू आपल्याकडे आला की आळीपाळीने एकेक गट आत पाठवायचा. तो क्रम चिठ्ठीवर लिहून ते खिशात ठेवत. (कोचच्या पँटला खिसे चालतात.)

साखळीत सात सामने झाले. आठ संघांत आमचे निळे पाचवे आले. अशा लीगमध्ये बहुधा सगळ्याच संघांना बाद फेरीत घेतात, म्हणजे कुणाचा मोसम लवकर संपत नाही. पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा अशा जोड्या लागतात. आमची गाठ चौथ्याशी पडली. तो सामना आम्ही जिंकलो, खरं सांगायचं तर समोरच्यांचे दोन चांगले खेळाडू आजारी होते म्हणून. पुढच्या रविवारी समोर होते लाल, साखळीत एकही सामना न हरलेले.

शुक्रवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वडिलांचा निरोप आला. भाषा सभ्य होती. मोसमभर सगळ्यांना खेळवलंत, छान केलंत, पण आता हरलं की घरी जायचं आहे, तेव्हा या सामन्यापुरते तरी सर्वांत चांगले पाच जण जास्त वेळ ठेवावेत. मुलांनी इतकी मेहनत घेतली आहे, तिचं चीज व्हावं. निरोपाला सात अंगठे आले.

नियमानेही ते शक्य होतं. अर्धा वेळ मोजायचा म्हणजे पहिल्या अर्ध्यात उरकून टाकायचा आणि शेवटची दहा मिनिटं हवे ते पाच आत ठेवायचे. बरेच कोच हेच करतात.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली आणि फसले.

मी शाळेत खो-खो खेळायचे. संघात बारा जणी, मैदानात नऊ, उरलेल्या तिघी राखीव. सगळ्या सामन्यांत मला थोडं थोडं खेळायला मिळालं. अंतिम सामन्याच्या दिवशी आमचे सर म्हणाले, “तू आज नको.” एवढंच. आम्ही जिंकलो, सगळ्यांबरोबर मलाही पेढा मिळाला. त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्या पेढ्याची चव मला आठवत नाही, पण “तू आज नको” हे सरांच्या आवाजासकट आठवतं. त्यामुळे लेकीने फोनवर तो निरोप वाचून दाखवला तेव्हा मी ठणकावून सांगितलं, “जावयांना सांग, चिठ्ठी बदलू नका.”

जावई ती बदलणार नव्हतेच. ग्रुपवर त्यांनी उत्तर लिहिलं होतं, क्रम तोच राहील. त्याला तीन अंगठे आले.

वीस विरुद्ध तेरा

लाल संघ खरंच चांगला होता. पहिल्याच पाळीत त्यांच्या क्वार्टरबॅकने, ती एक लांब केसांची मुलगी होती, तीन फेकीत टचडाउन केलं आणि वरचा एक गुणही घेतला. सात-शून्य. आमच्या निळ्यांनी टचडाउन फेडलं पण वरचा गुण हुकला. सात-सहा. मग पुन्हा लाल, चौदा-सहा. मग निळे, आणि या वेळी वरचा गुणही मिळाला, चौदा-तेरा. मध्यंतर झालं. मी उठून भात गरम केला. ‘हे’ म्हणाले, ताट इकडेच आण.

दुसऱ्या अर्ध्यात बराच वेळ कुणालाच काही करता येईना. बघायला मजा येते ती खरं तर अशाच वेळी. आमची नात पळण्यात मध्यम आहे पण फीत ओढण्यात पटाईत. ती पळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, कमरेकडे बघते. खांदे, मान, डोळे हुलकावणी देतात, कंबर देत नाही, असं तिला तिच्या बाबांनी सांगितलंय. कबड्डीतला चांगला पकडपटू चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवतो, तसंच हे. तिने ओळीने दोन डावांत लालच्या सर्वांत वेगवान मुलाची फीत काढली आणि ती हात उंचावून पंचाला दाखवली. आम्ही दोघांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की डब्यावरून फोन पडला.

तो परत उभा करेपर्यंत लालचं तिसरं टचडाउन झालेलं होतं. ते कसं झालं ते मला अजून माहीत नाही. त्यांचा वरचा प्रयत्न मात्र फसला. वीस-तेरा.

दोन मिनिटं उरली. चेंडू आमच्याकडे. आणि चिठ्ठीप्रमाणे पाळी होती दुसऱ्या गटाची.

दोन्ही गट सारखे पाडले होते असं मी वर म्हणाले, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांत अगदी सारखं काही नसतं. संघातली सगळ्यांत उंच मुलगी, लांबून आलेला चेंडूही हवेतल्या हवेत टिपणारी, पहिल्या गटात होती. दुसऱ्या गटात आमची नात, लांब वेणीची एक मुलगी, बरा फेकणारा एक मुलगा, आणखी एक मुलगा आणि चष्मेवाला. हा चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधून यायचा. अख्ख्या मोसमात त्याच्या हातून बहुतेक झेल सुटले होते. सुटला की तो स्वतःच “सॉरी” म्हणायचा, इतक्या वेळा की ते जबलपूरपर्यंत ऐकू यायचं.

कबूल करते. त्या क्षणी मी फोनकडे बघून ओरडले, “अहो, उंच मुलीला घाला!” माझा पेढा, माझे सर, सगळं विसरून. ‘ह्यां’नी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

जावयांनी दुसरा गट पाठवला.

पहिला डाव, आखूड फेक, सहा यार्ड. दुसरा, चेंडू सुटला. तिसरा, नातीच्या हातात चेंडू दिला, ती पाच यार्ड गेली आणि तिची फीत गेली. चौथा डाव, नऊ यार्ड हवे होते. तो दुसरा मुलगा कडेच्या रेषेला लागून पळाला, चेंडू त्याच्या छातीवर आला आणि मधली रेषा पार करून तो आणखी सात यार्ड गेला. आता नवे चार डाव. पुढच्या फेकीत दहा यार्ड मिळाले. त्याच्या पुढच्या फेकीत वेणीवाल्या मुलीने एंड झोनच्या कोपऱ्यात, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यात, झेल घेतला आणि दोन्ही गुडघ्यांवर बसली.

वीस-एकोणीस. घड्याळ संपलं होतं, पण टचडाउननंतरचा प्रयत्न द्यावाच लागतो.

एक गुण घेतला तर बरोबरी आणि जादा वेळ. दोन घेतले तर फायनल. चुकलं तर घरी. जावयांनी मुलांना गोळा केलं आणि विचारलं. लेकीने फोन इतका जवळ नेला की आम्हाला मुलांच्या पाठी आणि त्यांच्यामधून वर आलेली बोटं दिसली. सगळ्यांची दोन-दोन.

आता त्या घोळक्यात काय ठरलं ते नातीने आम्हाला नंतर सांगितलं. लाल संघातलं कुणीही चष्मेवाल्याजवळ उभं राहत नव्हतं. कशाला राहतील? त्याच्याकडे चेंडू जातच नव्हता. ते त्याचा पहारेकरी सोडून बाकीच्यांवर दोघे दोघे लावत होते. तेव्हा चेंडू त्याच्याकडेच टाकायचा, असं फेकणाऱ्या मुलानेच सुचवलं. यात दया अजिबात नव्हती हं. सरळ सरळ डोकं होतं.

दहा यार्डांवरून डाव सुरू झाला. वेणीवाली उजवीकडे पळाली, तिच्यामागे दोन लाल. नात आडवी गेली, तिच्यामागे एक. चष्मेवाला सात-आठ पावलं सरळ गेला आणि वळून उभा राहिला. एकटा. चेंडू आला. त्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, जसं आपण घसरणारं बाळ धरतो तसा. वळला. एक पाऊल टाकलं.

आणि त्याची फीत निघाली.

कुणी काढली ते आमच्या फोनवर दिसलं नाही. प्रत्येक आईबाप आपापल्या पोराकडे कॅमेरा लावून होते, त्यामुळे नंतर सगळे व्हिडिओ तपासले तेव्हाही नीट कळलं नाही. पंच म्हणजे हायस्कूलमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. तो धावत आला, फीत निघाली त्या जागी पाय ठेवून उभा राहिला आणि त्याने हात खाली केला. रेषेला एक पाऊल कमी. निळ्या बाजूचे पालक ओरडले, चेंडू रेषेवर होता. फीत निघते त्या क्षणी चेंडू कुठे होता ते धरतात, आणि तो होता पोटाशी, पाठ रेषेकडे. पोरगा हलला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. त्याच्या वयाच्या दुप्पट-तिप्पट माणसं त्याच्यावर खेकसत होती.

वीस-एकोणीस, लाल फायनलला.

मग बरोबर कोण?

या गोष्टीत चष्मेवाल्याचा झेल मोठा आणि ते व्हॉट्सॲपवाले वडील वाईट, असं तुम्ही धरून चालला असाल तर थांबा. ती उंच मुलगी त्यांचीच. ती रोज संध्याकाळी घरामागे शंभर झेल घ्यायची, हे सगळ्या संघाला माहीत होतं. तिचंही वय अकराच. मोसमातले शेवटचे सात डाव तिने कडेला उभं राहून पाहिले आणि सामना संपल्यावर ती गाडीत जाऊन बसली, खाऊ वाटला तेव्हाही उतरली नाही. सगळ्यांना सारखं द्यायचं ठरवलं की ज्याने जास्त केलं त्याच्या हातातून काहीतरी जातंच. आमच्या सरांनी मला बाहेर बसवलं तेव्हा माझ्या जागी जी खेळली तिने त्या दिवशी तिघींना बाद केलं होतं. हे मी आजवर सांगताना नेहमी गाळत आले.

नात दोन दिवस बाबांशी बोलली नाही. “ती आत असती तर आपण जिंकलो असतो.” यावर जावई काही बोलले नाहीत. असतो, नसतो, कुणास ठाऊक. तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, “आई, तुम्ही असता तर काय केलं असतं?”

मी म्हटलं, “खोटं कशाला बोलू, मी उंच मुलीला घातलं असतं. फोनवर ओरडतही होते तसं.”

“ऐकू आलं मला,” ते म्हणाले.

त्यांनी एक गोष्ट मात्र चुकवली, असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितलंही. बाद फेरीत क्रम तोच राहील हे त्यांनी शुक्रवारी सांगितलं. ते ऑगस्टमध्ये, पहिल्या सरावाला, सगळ्या पालकांसमोर सांगायला हवं होतं. तुमचं मूल कुठल्याही हौशी लीगमध्ये असेल, इथे किंवा तिथे, क्रिकेट असो की फुटबॉल, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा: शेवटच्या सामन्यांत कोण खेळणार? ज्याला पटणार नाही तो दुसरी लीग शोधेल. निवड चाचणी घेऊन फक्त जिंकण्यासाठी खेळणारे संघही तिथे असतात, आणि ती उंच मुलगी आता अशाच एका संघात गेली आहे. तिच्यासाठी ते चांगलंच झालं. आमच्या नातीची मैत्रीण गेली ते वेगळं.

लॉस एंजेलिसची गंमत

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कोण खेळतंय हा खेळ? थोडं थांबा. १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येणार, असं त्या दिवशी ठरलं आणि आपल्याकडे सगळ्यांनी तेवढीच बातमी वाचली. त्याच मतदानात आणखी चार खेळ आत आले: स्क्वॉश, लॅक्रोस, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि फ्लॅग फुटबॉल. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही. अमेरिकेत अनेक राज्यांनी तो मुलींसाठी हायस्कूलचा अधिकृत खेळ केला आहे.

आणि तो फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये मेक्सिकोच्या महिलांनी अमेरिकेला त्यांच्याच घरात अंतिम सामन्यात ३९-६ असं धुतलं. त्यांची क्वार्टरबॅक डायना फ्लोरेस. तिचे व्हिडिओ नात मला पाठवते. कमरेतून अशी वळते की फीत ओढायला आलेल्याच्या हातात नुसती हवा येते.

जबलपूरकर म्हणून मला यात आणखी एक धागा सापडलाय. लॉस एंजेलिसमध्ये १९३२ सालीही ऑलिम्पिक झालं होतं. तेव्हा अमेरिकनांनी आपला अंगावर आदळणारा फुटबॉल जगाला दाखवण्यासाठी प्रदर्शनीय सामना ठेवला. ८ ऑगस्टला पश्चिमेकडच्या खेळाडूंनी पूर्वेकडच्यांना ७-६ असं, एका गुणाने हरवलं. जगाने फारसं मनावर घेतलं नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, भारताच्या हॉकी संघाने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला. त्या चोवीसपैकी दहा गोल एकट्या रूपसिंगचे, त्यांचे थोरले भाऊ ध्यानचंद यांच्याहून दोन जास्त. रूपसिंग यांचा जन्म १९०८ चा, आमच्या जबलपूरचा. हे मी नातीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “आजी, चोवीस-एक झाल्यावरही त्यांनी बेंचवरच्यांना खेळवलं का?”

मला उत्तर माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या कॉलनीत एक बदल झाला आहे. मागच्या वर्षी नात आली होती तेव्हा तिने इथल्या मुलांना हा खेळ शिकवला. पट्टे नव्हते, म्हणून मी जुन्या साड्यांचे काठ फाडून दिले, दोन-दोन वितींचे. कमरेला नाडी बांधायची आणि तिच्यात दोन्ही बाजूंना काठ नुसते खोचायचे, गाठ मारायची नाही. चेंडू म्हणून आधी प्लास्टिकची बाटली होती, आता कुणीतरी खरा मागवलाय. मधली रेषा विटकरीने आखतात. एका बाजूला पाचच जण हवेत हा नियम कुणी पाळत नाही, जितके येतील तितके.

परवा संध्याकाळी मी अंगणात शेंगा सोलत बसले होते. बाहेर गलका झाला. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रेषेपाशी उभा राहून ओरडत होता की तो पोचला होता, आणि समोरची चिमुरडी हिरवा काठ हातात फडकावत म्हणत होती की त्याच्या आधीच निघाला. दोन्ही बाजू माझ्याकडे धावल्या. “दादी, आप बताओ, लाइन के पहले कि बाद में?”

मी म्हटलं, माझा चष्मा आत राहिलाय. तो डाव पुन्हा खेळा.